लाईट गेली होती

डॉक्टर रणधीर यांना कडी हवी होती. वर एक, खाली एक, आणि मध्ये अडसर घालता आला तर उत्तमच.

तुळजापुरात बसस्थानकाच्या मागच्या रस्त्यावर त्यांची इमारत होती. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर दवाखाना आणि दुसऱ्या मजल्यावर वृद्धांच्या शुश्रूषेचा नवा वॉर्ड. तिथं राहणाऱ्या बहुतेकांची आठवण गेलेली होती. कुणाला आपलं गाव आठवायचं पण मुलगा ओळखू यायचा नाही, कुणाचं उलटं. वॉर्ड आणि जिना यांच्यामध्ये दोन फळ्यांचं लाकडी दार होतं. त्या दारातून एक आजोबा बनियनवर उतरून थेट रस्त्यावर रिक्षा थांबवत उभे राहिले, तेव्हा डॉक्टरांनी दैवशालाला बोलावलं.

दैवशालानं भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. तुळजापुरात तिचं छोटं दुकान होतं. कॅमेरे, बोट लावून हजेरी घेणारी यंत्रं, दारांची विजेवर चालणारी कुलपं ती बसवून द्यायची. ती कमी बोलायची, आणि बोललेलं वाक्य सहसा बदलायची नाही.

"ताई, माझं म्हणणं साधं आहे," डॉक्टर म्हणाले. "दार बंद म्हणजे बंद."

"जिना एकच आहे. आणि स्वयंपाकघर ह्याच मजल्यावर आहे."

"बरं, मग?"

"गॅस पेटला तर कडी कोण काढणार? वॉर्डात आया नागूबाई एकट्या असतात. त्या पेशंटांना उठवतील का कड्या शोधतील?"

तिनं पिशवीतून दोन नमुने काढून टेबलावर ठेवले. एक विजेच्या बोल्टचा होता. वीज गेली तरी त्याचा खटका चौकटीत रुतलेलाच राहतो. दुसरा चुंबकाचा. चौकटीला वरच्या बाजूला लांबट चुंबक, दाराच्या फळीवर पोलादी पट्टी. वीज आहे तोवर चुंबक पट्टीला धरून ठेवतो, धडधाकट माणसाला ओढून सुटत नाही. वीज थांबली की पकडही संपते.

"म्हणजे लाईट गेली की दार उघडं?"

"हो."

"ताई, आपण धाराशिव जिल्ह्यात राहतो."

तिच्याबरोबर आलेले मिस्त्री वैजनाथ भिंतीला टेकून उभे होते. ते हसले. "डाक्टरसाहेब, हितं लाईट जाती कवा ते इचारू नका. येती कवा ते इचारा."

"बॅटरी देते," दैवशाला म्हणाली. "नेहमीच्या भारनियमनात दार धरून राहील. पण धुराचा सेन्सर वाजला की वीज तुटेल आणि दोन्ही फळ्या एकदम मोकळ्या होतील. नागूबाईंच्या टेबलाशी हिरवं बटण असेल, तेही तेच करील."

"एका फळीला कडी, एकीला चुंबक असं केलं तर?"

"अर्ध्या दारातून व्हीलचेअर जात नाही. दोन्ही फळ्यांना स्वतंत्र चुंबक लागेल."

डॉक्टरांनी दोन्ही नमुने हातात घेऊन पाहिले. बोल्ट त्यांना जास्त आवडलेला दिसत होता. तो कुलपासारखा दिसत होता.

"एखादा पेशंट निसटला तर लोक मला धरतील. तुम्हाला नाही."

"त्या पेशंटांत माझे वडीलही असणार आहेत, डॉक्टर," ती म्हणाली. "खिडकीजवळची खाट मी त्यांच्यासाठीच मागितलीय. मला त्यांना आत ठेवायचंय. कोंडायचं नाही."

डॉक्टरांनी बोल्ट खाली ठेवला.

कुलपं बसवताना वैजनाथ मिस्त्रींशी तिची थोडी बाचाबाची झाली. पोलादी पट्टी त्यांनी फळीवर गच्च आवळली होती. तिनं त्यांना स्क्रू सैल करायला लावला आणि पट्टीमागे रबरी वायसर घालायला लावला.

"ढिली दिसतीया, ताई. लोक म्हनतील मिस्त्रीचा हात कच्चा."

"म्हणू देत. पट्टी जराशी डुलली पाहिजे, तरच ती चुंबकावर सपाट बसते. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी पकड जाते."

"कागदानं?"

तिनं वहीचा कोपरा फाडला, चार घड्या घातल्या, पट्टीवर धरून दार लावलं. मग त्यांना ओढायला सांगितलं. दार एका हातानं उघडलं. वैजनाथांनी कागदाकडं पाहिलं, चुंबकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "एवढी ताकद, आन् नाजूक बी तेवढंच."

तिचे वडील, बिराप्पा, जन्मभर मेंढरं राखलेले. तामलवाडीच्या माळावर त्यांचा कळप असायचा. कळप विकून बरीच वर्षं झाली होती, पण दोन वर्षांपासून ते पुन्हा पहाटे उठून मेंढरं सोडायला निघायला लागले. कधी शेजारच्या शिवारात सापडायचे, कधी हायवेच्या कडेला. आई, कोंडाबाई, त्यांच्या पायाला आपल्या लुगड्याचं टोक बांधून झोपायची. ते टोक सोडून जायचे. मग आईच दैवशालाला म्हणाली, "शालू, माजं डोळं मिटाया लागलं तर ह्येंना कोन बगंल? ठिव तुज्या त्या डाक्टरकडं."

पहिल्या दिवशी ते वॉर्डात आले तेव्हा दार बघत उभे राहिले. दैवशालानं त्यांच्यासमोर दार लावलं, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि अंगाचा सगळा भार टाकून ढकललं. दार हललं नाही.

"वाघूर पक्की हाय का?" त्यांनी विचारलं. वाघूर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची दोरखंडाची जाळी.

"पक्की आहे, आप्पा."

"लांडगं भायेर का आत?"

नागूबाई म्हणाली, "बाबा, आत मी हाय. लांडगं माज्या वाऱ्याला उभं ऱ्हात न्हाईत." त्यावर बिराप्पा हसले. नंतर ते रोज, दिवसातून कितीतरी वेळा दाराशी जाऊन एक फळी ढकलायचे, मग दुसरी. नागूबाई म्हणायची, बाबा वाघूर तपासतात. दर वेळी दार हलायचं नाही आणि ते समाधानानं खाटेवर परत यायचे. दैवशालाला वाटायचं, ते बाहेर जायला बघत नाहीत, खरंच तपासतात. हे खरं असावं असं तिला फार वाटायचं.

खंडेनवमीच्या दुपारी ते दार उघडून गेले.

दैवशाला एका लॉजवर कॅमेरे जोडत होती. नवरात्रातलं तुळजापूर, रस्ते माणसांनी भरलेले. नागूबाईचा फोन आला तेव्हा तिला आधी फक्त संबळाचा आवाज ऐकू आला. मग शब्द कळले. ती आणि वैजनाथ मोटारसायकलवर आधी मंदिराकडं गेले, मग सगळ्या रस्त्यांना. सोलापूरच्या रस्त्यावर एका चहावाल्यानं सांगितलं, "घोंगडं खांद्यावर टाकल्यालं म्हातारं व्हय? सगळी दुनिया तुळजापूरला चाललीया आन् ह्येच एकलं उलटं निगालतं. म्या म्हनलं बी, आज्जा, देवी मागं राहिली. तर म्हनलं, मेंढरं फुडं हायत."

दसऱ्याच्या सकाळी तामलवाडीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, जिथं ते पूर्वी कळप बसवायचे त्या माळावर ते सापडले. बाभळीला पाठ लावून बसलेले. ऑक्टोबरचं ऊन, रात्रभर चाल, पाणी नाही. घोंगडं नीट घडी करून शेजारी ठेवलेलं होतं.

घरी बायकांनी आईभोवती गराडा घातला होता. माती होऊन लोक पांगल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला.

"तुजं कुलूप कसं उगडलं गं?"

"बघते, आई. मला अजून माहीत नाही."

तिसऱ्या दिवसाचं आटोपल्यावर ती वॉर्डात गेली. नागूबाई तिला बघूनच रडायला लागली.

"देवीची आन, ताई, म्या दार लावलं हुतं. लाल दिवा लागल्याला हुता. सगळ्यास्नी च्या देत हुते. मागं वळून बगितलं तर दार सताड उगडं."

"लाईट गेली होती का?"

"कुटली? टीव्ही चालूच हुता की. नवरात्रात तुळजापूरची लाईट जाती व्हय?"

दैवशालानं दाराकडं पाहिलं. चुंबकाशेजारचा लाल दिवा लागलेला होता. पण त्या दिव्याला फक्त चुंबकातून वीज वाहतेय एवढंच कळतं. पकड किती आहे ते त्याला कळत नाही. तिनं डावी फळी ढकलली. हलली नाही. मग उजवी ढकलली.

उजवी एका हातानं उघडली.

तिनं स्टूल ओढलं आणि वर चढून पट्टी पाहिली. पोलादाच्या चकचकीत अंगावर हळदीकुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं, वाळून तडकलेलं. आणि त्या कुंकवात, पट्टीच्या बरोबर मध्यावर, तांदळाचा एक अख्खा दाणा चिकटला होता. डाव्या पट्टीवरही कुंकू होतं, पण तिथले दाणे गळून पडले होते.

"हे कुणी केलं?" तिनं स्टुलावरूनच विचारलं.

नागूबाई डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या आईनंच की. खंडेनवमीला दुपारी, च्याच्या जरा आदी ताट घिऊन आलत्या. म्हनल्या, दरसाली ह्येंच्या कातरीची आन् काठीची पूजा करते, औंदा ह्येंना जे राखतंय त्याची करते. दार उगडून त्यास्नी स्टुलावर चढाया म्याच हात दिला. डाक्टर तितनंच चालले हुते. त्यांनी गंमत केली, आज्जी, आज हत्यारांना सुट्टी असते, लॉकलाबी सुट्टी देऊ का? तर तुमच्या आई म्हनल्या, नगं बाबा, त्येला सुट्टी दिली तर माजं मेंढरू पळंल. लई हसलो आमी."

दैवशाला स्टुलावर उभीच राहिली. दाण्याची जाडी तिनं नखानं अजमावली. चुंबकाची ओढ अंतर वाढलं की किती झपाट्यानं कमी होते, हे तिनं कितीतरी गिऱ्हाइकांना समजावलं होतं. ह्या दाण्याच्या जाडीला शेकड्यातले दोन-चार भाग उरले असतील. दाराला टेकून उभं राहिलं तर दार बंद वाटेल. तपासायच्या इराद्यानं ढकललं तर उघडेल.

आप्पांनी रोजच्यासारखी वाघूर तपासली होती.

तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं पट्ट्या पुसल्या. मग खाली जाऊन डॉक्टरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आईला हे कळू नये. लाईट गेली होती असं म्हणा. बॅटरीही उतरली होती."

"ताई, मग दोष तुमच्या निवडीवर येतो."

"येऊ दे."

"त्या दिवशी मीच थट्टा केली होती," डॉक्टर म्हणाले. "बरं. तसंच सांगतो."

आईनं ते ऐकलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. "म्हंजी त्यो डाक्टर बराबर बोलत हुता. त्याला कडी पायजे हुती. तूच न्हाय म्हनलीस."

"हो."

"एवढं शिकलीस आन् लाईट जाती एवढं ठावं न्हवतं तुला?"

आईनं लाकूड आत सारलं. "म्या तर पूजा केली हुती त्याची," ती म्हणाली. "मनापासून केली हुती."

"हो आई. नागूबाईंनी सांगितलं."

पुढचे दिवस आई तिच्याशी कामापुरतं बोलायची. दैवशालाला ते सोसत होतं. हिशेबात एक चूक आपल्या बाजूला घेतली की बाकीचं जुळतं, असं तिला वाटत होतं.

पण ते जुळलं नाही. दिवाळीच्या आधी डॉक्टरांचा फोन आला.

"ताई, पेशंटांचे नातेवाईक जमले होते. म्हणतात, लाईट गेल्यावर उघडणारं लॉक नको. वर-खाली कड्या लावा, नाहीतर आम्ही माणसं घेऊन जातो. सोलापूरचा एक मिस्त्रीही ठरवलाय त्यांनी. उद्या सकाळी येतोय."

"तुम्ही कड्या लावू नका."

"काय कारण सांगू? तुम्ही दिलेलं कारण मी सांगितलं, आणि त्या कारणावर त्यांचं म्हणणं बरोबर आहे."

फोनमध्ये मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. वॉर्डाचं स्वयंपाकघर. दैवशालाच्या डोळ्यांपुढं तो मजला आला: दोन सिलिंडर, नळी, खाटांची रांग, एकच जिना, आणि वरच्या कडीपर्यंत हात न पोचणारी नागूबाई.

"खरं सांगा त्यांना," ती म्हणाली.

"त्यांत तामलवाडीचे दोघे आहेत. संध्याकाळपर्यंत तुमच्या आईच्या कानावर जाईल."

"मी आत्ता निघते. त्यांच्या आधी पोचते."

तामलवाडीच्या घरी आई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. कपाळ मोकळं होतं. कुंकवाचा करंडा तिनं धाकट्या जावेला देऊन टाकला होता. दैवशाला तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं वाक्यं मनात जुळवून आणली होती. त्यातली पहिली दोनच बोलली.

"आई, लाईट गेली नव्हती. मी खोटं बोलले."

आईची बोटं सुपात थांबली.

"त्या पट्टीवर तू कुंकू लावलंस ना, त्यात एक अक्षत चिकटून बसली. तिच्यामुळं चुंबक पट्टीला टेकला नाही."

"अक्षत?"

"तांदळाचा दाणा."

"एक?"

"एकच."

आईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. ती समोरच्या रिकाम्या खुंट्यांकडं बघत होती. "म्हंजी वाघूर म्याच उचलली," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं, आई. मी कधी सांगितलंच नव्हतं की तिथं काही लावायचं नसतं. कोण सांगतं असं?"

"त्यांनी ढकललं आसंल. आन् उगडलं आसंल." ती हळूहळू बोलत होती, जणू माळावर दूर काहीतरी बघून सांगतेय. "त्येंना वाटलं आसंल, कुनीतरी सोडलं. झुंजुमुंजु झालं, चला."

दैवशालानं तिच्या हाताला हात लावला. आईनं हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"मंग त्या दिशी खोटं का बोललीस?"

"तुला हे वाटू नये म्हणून."

"आन् आता का सांगतीस? आता वाटू दे व्हय?"

दैवशालानं तिला कड्यांचं सांगितलं. सिलिंडर, जिना, उद्या सकाळी येणारा मिस्त्री. आई ऐकत होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "ती डोळ्यांनी अधू असल्याली म्हातारी अजून हाय का तितं? ह्येंच्या शेजारची?"

"आहे."

"तिला तर धूर बी दिसायचा न्हाय." ती दैवशालाकडं वळली. "म्हंजी त्या लोकांची मानसं जगावी म्हून मला सांगितलंस."

दैवशालाला दुसरं काही म्हणता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

आईनं मान हलवली. त्यात राग होता का समजूत होती, ते दैवशालाला कळलं नाही, आणि नंतरही कधी कळलं नाही. अंगणात ऊन उतरत होतं. आईनं उलटा हात कपाळावर नेला, तिथं काहीच नव्हतं, तरी बोटांकडं पाहिलं.

"त्या पट्टीवरचं कुंकू पुसलंस?"

"पुसलं. स्पिरिटनं."

"समदं गेलं?"

ती "हो" म्हणणार होती. "स्क्रूच्या खाचेत थोडं राहिलं," ती म्हणाली. "तिथं बोळा पोचत नाही."

"त्यानं दार ढिलं व्हतंय का?"

"नाही. तेवढ्यानं नाही होत."

आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मंग ऱ्हाऊ दे तेवढं," ती म्हणाली, आणि खडे वेचायला लागली.